तीन बाजे, एक तबकडी

'बाजा' हा शब्द आपण उर्दूत आणि मराठीत सारखाच वापरतो. ज्या बाजावर गाण्याची तबकडी फिरते त्याला ग्रामोफोन म्हणतात. आमच्या मालेगावातील जुनी माणसे मात्र त्याला नुसते 'फोनो' म्हणत. 'तबकडी' हा शब्दही तुम्हांला परका वाटू नये. 'तबक' म्हणजे थाळी. आपल्या दस्तरखानावरचे तबक मराठीत आले आणि लहान होऊन 'तबकडी' झाले.

फोनो म्हटला की डोळ्यांपुढे एक चित्र उभे राहते. मोठा पितळी कर्णा आणि त्यासमोर कान देऊन बसलेला कुत्रा. पण मी ज्या बाजांविषयी सांगणार आहे त्यांना असा कर्णा दिसत नाही. झाकण लावले की ती एक साधी सुटकेस होते. वर मूठ असते, पुढे दोन कड्या असतात. प्रवासाला निघालेल्या माणसाच्या हातात असावी तशी पेटी. ती उघडली की आत बाजा.

असे तीन बाजे माझ्याकडे आहेत. एक चावीचा, एक सेलवर चालणारा आणि एक अगदी नवा. तिघांचे रूप सारखे, पण स्वभाव अगदी वेगवेगळे. संग्रह म्हणावा इतके काही ते नाहीत. खरे संग्राहक खोल्याच्या खोल्या भरतात. मला एका तबकडीसाठी योग्य बाजा हवा होता. त्या शोधात हे तिघे घरी आले. त्या तबकडीविषयी पुढे सांगेन. आधी या तिघांची ओळख करून घेऊ.

हातात नेता येईल असा फोनो बनवण्याचे प्रयत्न बरेच जुने आहेत. लंडनच्या एका कंपनीने १९१४ साली 'डेक्का' नावाचा पेटीचा फोनो बाजारात आणला. त्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले आणि सैनिकांनी ही पेटी थेट खंदकांत नेली. वरून तोफा, पायांखाली चिखल आणि पेटीतून गाणे! पुढे एच.एम.व्ही. कंपनीने '१०१' आणि त्यानंतर १९३१ साली '१०२' ही पेटी काढली. '१०२' इतकी उत्तम जमली की कंपनीने ती पंचवीस वर्षांहून अधिक काळ बनवली. भारतातही ती फार खपली. त्याचे एक साधे कारण आहे. तिला वीज लागत नाही. ज्या गावांत विजेचे खांब पोचले नव्हते, तेथेही गाणे पोचले ते या पेटीमुळे.

माझा पहिला बाजा हीच '१०२'. मुंबईच्या चोर बाजारात, मटण स्ट्रीटवर, मी ती घेतली. तेथे जाणाऱ्याला सर्वांत आधी चकाकणारे कर्ण्याचे फोनो दिसतात. दुकानदार सांगतो, 'शंभर वर्षांचा माल आहे, मॅडम.' त्या चकाकीपासून सावध राहावे. त्यांतील बहुतेक फोनो हल्लीच जुळवलेले असतात. कर्णा नवा, लाकडी खोके नवे. जुने असते ते फक्त आतले यंत्र. आणि हे यंत्र येते कोठून? काळ्या, साध्या पेट्या फोडून! पेटीला गिऱ्हाईक कमी आणि कर्ण्याला जास्त, म्हणून अस्सल पेटी मारून नकली कर्णा उभा करतात. मला या व्यापाराची चीड येते. कोपऱ्यात, धुळीत पडलेली काळी पेटीच बहुधा खरी असते आणि दुकानदार तिच्याकडे बोटसुद्धा दाखवत नाही.

'१०२' उचलली की खांदा एका बाजूला झुकतो, इतकी ती जड आहे. झाकण उघडले की आत तबकड्या ठेवण्याची जागा दिसते. एका कोपऱ्यात पिनांची छोटी जागा आहे. चावी काढून बाजूच्या भोकात बसवायची आणि फिरवायची. कर्णा नाही असे वर म्हटले ते खरे तर बरोबर नाही. कर्णा आहे, पण तो पेटीच्या पोटात दुमडून बसवला आहे. आवाज मागच्या बाजूने वर येतो आणि उघड्या झाकणावर आपटून आपल्यापर्यंत पोचतो. आवाज लहानमोठा करण्याचे बटण नाही. हळू ऐकायचे असेल तर बारीक पिन लावावी, मोठ्याने ऐकायचे असेल तर जाड पिन लावावी.

मी घेतली तेव्हा तिची चकती दोन फेरे मारून थांबत होती. आमच्या मोहल्ल्यात एक घड्याळवाले चाचा आहेत. मी पेटी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी आयुष्यात फोनो दुरुस्त केला नव्हता, पण आत पाहताच ते हसले.

'अरे, हे तर माझंच काम! हे मोठं घड्याळच आहे की.'

आणि ते खरेच आहे. आत पोलादाची लांब पट्टी गुंडाळलेली असते. घड्याळवाले तिला कमान म्हणतात, तुम्ही तिला स्प्रिंग म्हणाल. चावी दिली की ती आवळते आणि सैल होताना दातेरी चाके फिरवते. पण कमान सुरुवातीला जोरात ओढते आणि शेवटी मंद होते. मग गाणे एका लयीत कसे राहणार? त्यासाठी आत तीन लहान वजने पातळ पट्ट्यांवर बसवलेली असतात. वेग वाढला की वजने बाहेर फेकली जातात आणि एक गोल तबक सरकून रोधकावर घासते. वेग आपोआप आवरतो. या व्यवस्थेला गव्हर्नर म्हणतात. चाचांनी सगळे खोलले, वर्षानुवर्षांचे वाळलेले वंगण खरवडून काढले आणि नवे भरले. चकती फिरू लागली तेव्हा चाचा कान लावून ऐकत होते, गाणे नव्हे, यंत्राचा आवाज.

आता तबकडीकडे वळू. या पेटीवर वाजते ती मिनिटाला ७८ फेरे घेणारी जुनी तबकडी. दहा इंचांच्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटे मावतात. लांब कव्वाली असली तर अर्धी एका बाजूवर आणि अर्धी दुसऱ्या बाजूवर असे. मध्ये उठून तबकडी उलटावी लागे. ही तबकडी प्लॅस्टिकची नाही. ती लाखेची आहे. पळस, बोर, कुसुंब अशा झाडांच्या फांद्यांवर एक इवलासा किडा राहतो, त्याच्या अंगातून पाझरलेला राळेसारखा पदार्थ म्हणजे लाख. जिच्या बांगड्या बनतात, तीच ही लाख. तिच्यात दगडाची बारीक भुकटी आणि काजळी मिसळून तबकडी बनवत. जगाला लाख पुरवणारा मुख्य देश भारतच होता. दुसऱ्या महायुद्धात लाखेची टंचाई झाली तेव्हा अमेरिकेत जुन्या तबकड्या गोळा करून, त्या दळून, त्यांपासून नव्या बनवल्या गेल्या.

लाखेची तबकडी कडक असते. हातातून पडली की बशीसारखी फुटते. तिच्यावर पोलादी पिन चालते. पिन तबकडीला घासते हे खरे, पण तबकडीतील दगडाची भुकटीही पिनेला घासते. पहिल्या काही फेऱ्यांतच पिनेचे टोक खाचेच्या आकाराचे होऊन जाते आणि बाजू संपेपर्यंत झिजून धारदार होते. तीच पिन पुन्हा लावली तर ती खाच कापत जाते. म्हणून नियम असा की एका बाजूला एक पिन. पिनेचे मोल पैशांचे, तबकडीचे रुपयांचे. तरीही कंजुषीने लोक एकच पिन दहादा वापरत. जुन्या बाजारात राखाडी पडलेल्या तबकड्या दिसतात, त्यांतील कितीतरी अशाच पिनांनी मारलेल्या आहेत. एखादा माणूस तेच तेच बोलू लागला की मराठीत 'त्याची पिन अडकली' म्हणतात. ते याच पिनेवरून.

अमेरिकेत १९४८ साली मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी लाँग प्ले तबकडी निघाली आणि पुढच्याच वर्षी ४५ फेऱ्यांची. या नव्या तबकड्या व्हिनाइल नावाच्या प्लॅस्टिकच्या, खाचा फार बारीक. भारतात मात्र ७८ची तबकडी आणखी बरीच वर्षे चालू राहिली. इतकी की १९६०च्या दशकात 'बीटल्स' या इंग्रज गायकांची गाणी आपल्याकडे ७८च्या तबकडीवर निघाली. आज परदेशातील संग्राहक त्या भारतीय तबकड्यांसाठी मोठ्या रकमा मोजतात. कारण पुन्हा तेच. घराघरांत चावीचा फोनो होता आणि नवी तबकडी त्यावर वाजत नव्हती. व्हिनाइलवर पोलादी पिन कधीही ठेवू नका. एका फेऱ्यात ती खाच नांगरून टाकते.

माझा दुसरा बाजा या नव्या-जुन्याच्या संधिकाळातला आहे. ट्रान्झिस्टर आल्यावर सेलवर चालणारे पेटीचे बाजे निघाले. आपल्याकडे एच.एम.व्ही.चा 'फिएस्टा' हा त्यांतील प्रसिद्ध. सहलीला, लग्नघरी, गच्चीवर लोक तो घेऊन जात. माझी पेटी त्याच पिढीची, पण नावाची पट्टी केव्हाच गळून पडली आहे. प्लॅस्टिकची, मळकट पिवळी, एका बाजूने किंचित वितळलेली. कोणीतरी तिच्याजवळ शेगडी ठेवली असावी. झाकणातच स्पीकर आहे. तिघांत दिसायला सर्वांत सामान्य हीच. एका भंगारवाल्याकडे ती वजनावर विकायला निघाली होती.

या बाजाच्या हातात पोलादी पिन नाही. त्यात एक लहानसा स्फटिक असतो. खाचेतून जाताना सुई थरथरते, स्फटिक दाबला जातो आणि त्या दाबातून वीज निर्माण होते. तुम्ही स्वयंपाकघरातील गॅसचा लायटर पाहिला असेल. त्यात सेल नसतो, तरीही टक्क केले की ठिणगी उडते. तत्त्व तेच, फक्त येथे ठिणगीऐवजी गाणे मिळते. जुन्या बाजांत हा स्फटिक रोशेल मीठ नावाच्या क्षाराचा असे. मीठ ते मीठच! पावसाळ्याची ओल आणि उन्हाळ्याची धग त्याला सोसत नाही. त्यामुळे या वयाचे बहुतेक बाजे मुके झालेले सापडतात. लोक समजतात की बाजा मेला. प्रत्यक्षात त्याचा एवढासा कणच मेलेला असतो. तो बदलला की बाजा बोलू लागतो. आता तेथे सिरॅमिकचा कण बसवतात, तो ओल सोसतो. माझ्या पेटीचा कणही तसाच बदलून घेतला.

या पेटीत दोन गोष्टी अशा आहेत की ज्यांच्यासाठी मी तिला दोन्ही जुन्या-नव्या भावंडांपेक्षा वर ठेवते. पहिली म्हणजे तिला दोन सुया आहेत. हाताच्या टोकाशी एक छोटी दांडी आहे. ती अलीकडे केली की जाड सुई खाली येते, ७८च्या तबकडीसाठी. पलीकडे केली की बारीक सुई येते, लाँग प्लेसाठी. दुसरी गोष्ट म्हणजे तिला चार वेग आहेत. ७८, ४५, ३३⅓ आणि १६⅔. शेवटचा वेग फारसा कोणाच्या उपयोगी पडला नाही. बोलण्याच्या, भाषणाच्या काही तबकड्या तेवढ्या त्या वेगाने निघत.

पण याच दुर्लक्षित वेगाची एक तबकडी सूर्यमालेतील सर्व ग्रहांच्या पलीकडे गेली आहे. अमेरिकेने १९७७ साली 'व्हॉयेजर' नावाची दोन याने अंतराळात सोडली. प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक तबकडी आहे. कोणी परग्रहवासी भेटलाच तर त्याला पृथ्वीचा आवाज ऐकता यावा, म्हणून. तिचा वेग मिनिटाला १६⅔ फेरे. तिच्यासोबत सुई आणि तिचा कणही पाठवला आहे आणि ती कशी वाजवावी हे चित्रांनी सांगितले आहे. जगभरच्या निवडक संगीतात भारताचे एकच गाणे आहे, केसरबाई केरकर यांची भैरवी. केसरबाई गोव्यातील केरी गावच्या. याने निघाली त्याच वर्षी, सप्टेंबर महिन्यात, त्या वारल्या. त्यांचा सुमारे साडेतीन मिनिटांचा आवाज अजून प्रवासात आहे. माझ्या वितळक्या पेटीवर १६चा आकडा पाहिला की मला हे आठवते आणि भंगारवाल्याच्या तराजूचे हसू येते.

तिसरा बाजा नवा. मध्यंतरी तबकड्या संपल्याच होत्या. आधी कॅसेट आली, मग सी.डी., मग मोबाइल. लोकांनी फोनो माळ्यावर टाकले. परंतु गेल्या काही वर्षांत तबकडी परत आली. अमेरिकेत २०२२ साली सी.डी.पेक्षा तबकड्या अधिक संख्येने विकल्या गेल्या. तबकडी आली तसा सुटकेसचा बाजाही आला. नाव अमेरिकन, घडण चिनी, रंग आकाशी, कोपऱ्यांवर पितळेसारख्या पट्ट्या. आकाराने जुन्या पेटीची हुबेहूब नक्कल. वजन मात्र माझ्या दप्तरापेक्षा कमी! मोबाइलमधले गाणेही त्यातून वाजते. आठवीच्या मुली तो पाहून म्हणाल्या, 'टीचर, हा सर्वांत सुंदर आहे.' सुंदर आहेच.

मी विज्ञान शिकवते. त्यामुळे सुंदर म्हटल्यावर माझे समाधान होत नाही, मोजल्यावर होते. आम्ही तिन्ही बाजे प्रयोगशाळेत नेले. शाळेजवळच्या सोनाराकडून लहान इलेक्ट्रॉनिक काटा मागून आणला आणि प्रत्येक बाजाची सुई त्यावर टेकवली. नव्या बाजाचा दाब साडेपाच ग्रॅम भरला. सेलच्या पेटीचा आठ ग्रॅम. चावीच्या पेटीची पाळी आली तेव्हा आकडा शंभरच्याही पुढे गेला. सोनाराचा मुलगा काटा परत न्यायला आला होता. तो म्हणाला, 'बारा-तेरा तोळे!' वर्गात हशा पिकला. चांगल्या, घरी एका जागी ठेवायच्या बाजात हा दाब साधारण दोन ग्रॅम असतो. म्हणजे पेटीचे सगळेच बाजे तबकडीवर जरा जास्त भार टाकतात. पेटी हलते, धक्के खाते. हात हलका ठेवला तर सुई उडून जाईल. नेता येण्याची ही किंमत आहे.

मग वेग मोजला. चकतीवर तबकडीच्या कडेला कागदाची पट्टी चिकटवली. मिनिटाला ३३⅓ फेरे, म्हणजे तीन मिनिटांत बरोबर १००. हा हिशेब मुलींनीच केला. एक मुलगी घड्याळ बघत होती, बाकीच्या मोठ्याने मोजत होत्या. सेलच्या पेटीने नव्या सेलांवर ९९ मोजले. नव्या बाजाने १०२. दोन फेऱ्यांनी काय बिघडते, असे तुम्ही म्हणाल. सामान्य कानाला काही कळत नाही. पण पेटी म्हणजे हार्मोनियम वाजवणारा माणूस तबकडीबरोबर सूर लावू लागला की त्याला लगेच खटकते. चावीच्या पेटीचा वेग तर माझ्या हातात आहे. चावी कमी पडली की कव्वाल झोपेत गाऊ लागतो, दिली की जागा होतो. मुलींना हा खेळ इतका आवडला की त्या मुद्दाम चावी द्यायच्या थांबत.

नव्या बाजाला नावे ठेवणे मला पटत नाही. तो स्वस्त आहे, एका हाताने उचलता येतो आणि त्याच्यामुळे आज कितीतरी मुले पहिल्यांदा तबकडी हातात घेतात. नवी लाँग प्ले तबकडी तो ठीक वाजवतो. त्याची अडचण निराळी आहे. त्याला तीन वेग आहेत, ७८सुद्धा, पण सुई एकच, बारीक. जुन्या तबकडीच्या रुंद खाचेला सुमारे ३ हजारांश इंच त्रिज्येचे टोक लागते. या सुईचे टोक त्याच्या चौथाईहूनही बारीक आहे. ती खाचेच्या भिंतींना टेकतच नाही. तळाशी, जेथे साठ-सत्तर वर्षांची धूळ आणि पोलादाचा कीस साचला आहे, तेथून ती रखडत जाते. गाणे भिंतींवर कोरलेले, आणि सुई गाळात. ऐकू येतो तो बहुतेक गाळच. ७८चे बटण त्यावर दिले आहे म्हणून ७८ची तबकडी त्यावर वाजते असे समजू नये.

आता त्या तबकडीविषयी.

ती माझ्या नानीची आहे. माझे नाना लूमच्या कारखान्यात रात्रपाळी करत. लग्नानंतर काही वर्षांनी त्यांनी चावीचा फोनो घेतला आणि सोबत पाच-सहा तबकड्या. पुढे एका मंदीच्या साली कारखाने बंद पडले तेव्हा फोनो विकला गेला. तबकड्याही गेल्या. एक मात्र नानीने दिली नाही. ती कव्वालीची तबकडी चादरीत गुंडाळून तिने लोखंडी ट्रंकेत ठेवली. लेबलवरचे कव्वालाचे नाव बोटांनी घासून पुसट झाले आहे, पण नानीला ते वाचण्याची गरज नाही.

तबकडी मी पहिल्यांदा उजेडात धरली तेव्हा एक गोष्ट दिसली. तिची पहिली बाजू राखाडी होती, झिजून मंद झालेली. दुसरी बाजू काळीभोर, आरशासारखी. त्यात माझा चेहरा दिसत होता. मी नानीला विचारले, 'नानी, दुसरी बाजू तुम्ही वाजवतच नव्हता का?'

'वाजवणार कधी, बेटी?' नानी म्हणाली. 'तुझे नाना जेवून उठायचे, चावी द्यायचे, तबकडी लावायचे. पहिली बाजू संपते न संपते तोच कारखान्याचा भोंगा व्हायचा. ते डबा घेऊन निघायचे. आणि त्यांच्याशिवाय मी लावायची नाही. राहिलेली कव्वाली ईदच्या सुट्टीत ऐकू, असं म्हणायचे. ईदला घरात माणसंच इतकी असायची!'

नानी आता पंच्याऐंशीच्या पुढे आहे. तिला ती दुसरी बाजू ऐकायची होती. एवढेच तिचे मागणे. मी तिच्यासाठी फोनो शोधू लागले ते यासाठी. पण चावीची पेटी दुरुस्त होऊन घरी आली आणि माझा हात थबकला. शंभर ग्रॅमहून अधिक भार आणि पोलादी पिन, त्या कोऱ्या बाजूवर? एकदा वाजवल्याने ती राखाडी होणार नाही, हे मला ठाऊक होते. पण एकदा वाजवून नानी थांबणार नाही, हेही ठाऊक होते.

नवा बाजा आल्यावर मी बाजारातून आणलेली ७८ची दुसरी एक तबकडी त्यावर लावून नानीला ऐकवली. ती दोन मिनिटे ऐकत राहिली. मग म्हणाली, 'हा तर टिनाच्या डब्यात बसून गातोय.' मी तिला खाचा, भिंती, गाळ समजावून सांगू लागले. नानीने हात उडवला. तिच्या कानाने दोन मिनिटांत जे ओळखले, ते मला सांगायला फळा आणि खडू लागतो.

राहिली ती भंगारातली पेटी. मी सहा नवे सेल घातले. तबकडी साध्या पाण्याने ओल्या केलेल्या मऊ कापडाने पुसली. लाखेच्या तबकडीला स्पिरिट कधी लावू नये, लाख त्यात विरघळते. छोटी दांडी ७८च्या बाजूला केली, वेग ७८वर आणला आणि काळीभोर बाजू वर ठेवली. शुक्रवार होता. गल्लीतील लूम बंद होते, म्हणून मी तो दिवस निवडला होता. एरवी आमच्या घरात त्या खडखडाटात दोन माणसांनासुद्धा मोठ्याने बोलावे लागते.

आठ ग्रॅमची सुई खाचेत उतरली. थोडी खरखर, मग हार्मोनियम, मग टाळ्या आणि एकाएकी कव्वालाचा आवाज, इतका स्वच्छ की स्वयंपाकघरातून अम्मी बाहेर आली. नानी डोळे मिटून बसली होती. तिच्या बोटांनी गुडघ्यावर ठेका धरला, पण तो मध्येच चुकत होता. पहिल्या बाजूचा ठेका तिला पाठ होता. हा पुढचा भाग तिच्या बोटांनाही नवा होता. तीन मिनिटे झाली. कव्वाली संपली, सुई मधल्या रिकाम्या जागेत गोल गोल फिरू लागली आणि मी तिचा हात उचलून ठेवला.

नानी काही वेळ बोलली नाही. मग डोळे उघडून म्हणाली, 'आता पहिली बाजू लाव.'

मी तबकडी उलटली, तसे तिने मला थांबवले.

'यावर नको. त्या चावीच्या फोनोवर लाव. आणि चावी मी देईन.'

पहिली बाजू आधीच इतकी झिजलेली होती की तिचे आणखी काय जाणार होते! मी '१०२' उघडून नानीपुढे ठेवली, डबीतून एक नवी पिन काढून बसवली आणि चावी तिच्या हातात दिली. तिने ती दोन्ही हातांनी धरली आणि फेरे मोजत हळूहळू फिरवू लागली.